घोडी नवीन रिंगणाच्या दारातच अडते, काय करावं?

धुरेकरी

रामराम मंडळी.

दारव्हा तालुक्यात आमचं वावर आहे. मागच्या मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेतून एक घोडी आणली. कानांची टोकं आत वळलेली आहेत, म्हणजे काठेवाडी नाहीतर मारवाडी रक्त असावं. कागदबिगद काही नाही. दातांवरून वय चार-पाच. स्वभावानं गरीब. आतापर्यंत तिची सगळी शिकवणी नाल्याकाठच्या पडीत जागेवर झाली. मोरकी घालून चालवणं, लांब दोरावर गोल फिरवणं, दोन्ही अंगांनी कदम (साधी चाल) आणि दुडकी, 'हो' म्हटलं की थांबणं, एवढं तिला पक्कं येतं. खोगीर ठेवू देते, भाचा पाठीवर बसला तर शांत चालते.

यंदा सोयाबीन निघाल्यावर जुन्या खळ्याच्या जागी घोडी फिरवायला पक्कं रिंगण बांधलं. व्यास साठ फूट, जीआय पाइपाच्या तीन आडव्या. वरची काळी माती खरवडून मुरूम टाकला आणि त्यावर वाळू. एका अंगाला टिनाचं शेड आहे, त्यात कडबा आणि तुरीचं कुटार. गेटाला लाल रंग दिला. झालं सगळं झोकात, पण घोडी आत जायला तयार नाही.

गेटापर्यंत येते आणि थांबते. चंदी दाखवली तर मान लांब करून हरभरे खाते, पाय मात्र रोवलेले. जोर केला की मान वर, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, फुरफुरते आणि मागे सरते. परवा अशी सरली की दोर हातातून सुटला आणि बाई थेट तुरीत. गडी म्हणतो नखरे आहेत, दोन सटके द्या. मला ते पटत नाही. नाल्याकाठी नेली की हीच घोडी सांगाल ते करते. कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

वरातवाला_मूर्तिजापूर

डोळ्यावर पोतं टाका, जागच्या जागी दोन गिरक्या घ्या म्हणजे दिशा विसरते, आणि सरळ आत न्या. मंगल कार्यालयाच्या कमानीखालून बुजरं जनावर आम्ही असंच नेतो. एकदा आत गेली की विषय संपला.

टांगेवाल्याचा नातू

विषय संपत नाही भाऊ, तिथूनच सुरू होते. पोतं काढल्यावर घोडीले दिसन काय? चारी बाजूनं पाइप, अन् बाहेर जायचा रस्ता कोन्ता ते ठाव नाही. मंग ते पाइपावरून उडी घेते नाहीतर पाइपात पाय अडकवते. आमच्या आज्याचे अमरावतीत टांगे होते. कोठ्याले आग लागली त जनावराच्या डोयावर पोतं टाकून बाहेर काढा म्हने, एरवी डोये झाकू नका.

धुरेकरी भाऊ, मले तीन गोष्टी सांगा. दोर कुठं धरता, हनुवटीजवळ का हातभर सोडून? गेट किती फुटाचं हाय? अन् पाय नेमका कुठं थांबते?

धुरेकरी

दोर मोरकीच्या कडीजवळच धरतो, नाहीतर ओढून नेते. गेट साडेतीन फुटी, वेल्डिंगवाल्यानं गोठ्याच्या गेटाचं माप धरलं. पायाचं आज मुद्दाम वाकून पाहिलं. गेटाखाली जमिनीत लोखंडी अँगल दाबलेला आहे, बोटभर वर आलाय. अलीकडे काळी माती, पलीकडे पिवळट वाळू. खूर बरोबर त्या अँगलच्या अलीकडे.

टांगेवाल्याचा नातू

हे पाहा बाप्पा, सापडलं अर्धं.

घोड्याचे डोये डोक्याच्या दोन बाजूले. आजूबाजूचं अन् मागचं त्याले आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसते. पण कपाळाच्या अगदी समोर अन् नाकाच्या खाली त्याले दिसत नाही. शेपटीच्या सरळ मागं पण नाही. पायाखालचं पाहाचं असन त त्याले मान खाली घ्या लागते. तुमी दोर कडीजवळ धरून वर ताणता. मान वर गेली की तो अँगल अन् ती रेघ गायब. जमिनीचा रंग बदलला एवढं दुरून दिसलं होतं, आता जवळ आल्यावर दिसत नाही. खाली खड्डा हाय का पाणी हाय, त्याले काय ठाव? मंग कायले टाकन पाय?

दोर हातभर ढिला सोडा. हाताले गुंडाळू मात्र नका, कधीच नाही. खांद्याच्या बाजूनं उभं राहा, समोर नाही. गेटापाशी आणा अन् काहीच करू नका. नाक खाली नेऊ द्या, वाळू हुंगू द्या, फुरफुरू द्या, एखादा खूर वाजवून पाहू द्या. पाय टाकला नाही तरी तिनंच मान उचलून तुमच्याकडं पाह्यलं की तिले तिथून घेऊन जा. तुमी तिले मागं नेलं पायजे, ते पयाच्या आधी. फरक कळला ना?

अन् चंदी गेटावर दाखवणं बंद करा. त्यातून ते एवढंच शिकली की पाय बाहेर ठेवून मान लांब केली तरी हरभरे भेटते.

पशुवैद्य_कारंजा

नातूसाहेबांनी दोराचं अगदी बरोबर सांगितलं. पण बुजते आहे असं ठरवण्याआधी दुखत नाही ना, हे पाहा.

तुम्ही लिहिलंय घोडी सुटून तुरीत शिरली. आजूबाजूला पऱ्हाटी (कपाशी) आहे का? मागच्या साली कापलेल्या पऱ्हाटीचे खुंट जमिनीत राहतात आणि तुरीचे फणही तसेच टोकदार. खुराच्या तळव्यात, मधल्या मऊ भागाच्या बाजूच्या खाचेत असा तुकडा घुसला तर वरून काही दिसत नाही. चारही खूर उचलून खुरकणीनं साफ करा, अंगठ्यानं दाबा. जनावर पाय झटकून घेत असेल तर डॉक्टरला बोलवा. धनुर्वाताची लस झाली नसेल तर आता टोचून घ्या, घोडा या रोगाला फार हळवा आहे.

मग डोळे. सावलीत उभी करून दोन्ही बुबुळं पाहा. निळसर झाक, सारखं पाणी, एक डोळा अर्धवट मिटलेला, यातलं काहीही असेल तर सांगा. एका डोळ्यानं कमी दिसणारी घोडी ओळखीच्या जागेवर महिनोन्महिने कोणाला कळू देत नाही. नवीन जागेत मात्र लगेच उघडी पडते.

आणि नाडी मोजायला शिका. जबड्याच्या खालच्या कडेवर आतून बोट फिरवलं की शीर सरकताना लागते. पंधरा सेकंद मोजा, चारनं गुणा. आरामात उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची मिनिटाला २८ ते ४४ असते. गोठ्यापाशी मोजा, नंतर गेटापाशी मोजा. आपल्याला घोडा 'शांत वाटतो' तेव्हा तो शांत असतोच असं नाही, कधी नुसता थिजलेला असतो. वरवर पाहून ते कळत नाही, नाडी मोजली की कळतं.

कापूसकोंड्या

लाल रंग पाहून भडकली असन. बैल भडकते तशी. गेट हिरवं करा, शेतकऱ्याचं पोर हाय.

पशुवैद्य_कारंजा

कापूसकोंड्या, तुम्ही गंमत केली असेल, पण हा प्रश्न मला दवाखान्यात खरोखर विचारतात. बैल लाल रंगानं भडकत नाही, फडफडणाऱ्या फडक्यानं भडकतो. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल आणि हिरव्यातला फरक जवळजवळ नाही. ब्रिटनमध्ये उड्यांच्या शर्यतीत अडथळ्यांना केशरी पट्ट्या असत. हिरव्या गवतावर त्या घोड्याला उठून दिसत नाहीत, म्हणून २०२२ पासून त्या पांढऱ्या करायला घेतल्या. तेव्हा धुरेकरी, तुमचं लाल गेट मागच्या हिरव्या तुरीत तिच्यासाठी मिसळून जात असेल. रंगच द्यायचा तर खांबांना पांढरा द्या, वाट कुठून आहे ते तरी दिसेल.

आर्वीची_पोर

मी सध्या पुण्यात राइडिंग शिकते, माहेर आर्वी. आमचे सर सांगतात की घोड्यानं डाव्या डोळ्यानं पाहिलेलं उजव्या डोळ्याला कळत नाही, मेंदूचे दोन भाग वेगळे असतात म्हणून. त्यामुळे नवीन जागा आधी डाव्या हातानं, म्हणजे डाव्या अंगानं, पूर्ण दाखवायची आणि मग उजव्या हातानं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे सगळे डाव्या बाजूनंच धरतात. ताईला (घोडीला) उजवीकडून कधी कोणी धरलंय का?

पशुवैद्य_कारंजा

ताई, तुमच्या सरांनी सांगितलेली कृती बरोबर आहे, कारण चुकीचं आहे. अमेरिकेतल्या एव्हलिन हँगी यांनी १९९९ साली हे तपासून पाहिलं. एक डोळा झाकून घोड्याला खुणा ओळखायला शिकवल्या, मग दुसरा डोळा झाकून विचारलं, तर घोड्यांनी बरोबर ओळखल्या. दोन्ही डोळ्यांचं मेंदूत एकत्र येतं.

मग परतीच्या वाटेवर त्याच ताडपत्रीला घोडा पुन्हा का बुजतो? कारण उलट बाजूनं ती ताडपत्री वेगळी दिसते. ऊन दुसरीकडून, सावली दुसरीकडे, घडी वेगळी. आपण 'तीच ती' म्हणून सोडून देतो, घोड्याला ती नवी. म्हणून दोन्ही हातांनी दाखवायची हे शंभर टक्के खरं.

धुरेकरी

डॉक्टरसाहेब, खूर चारही पाहिले. पुढच्या उजव्यात खाचेत काटकी होती, रुतलेली नव्हती, निघाली. दाबल्यावर पाय झटकत नाही. डोळे स्वच्छ. लस टोचून घेतली. नाडी गोठ्यापाशी ३६ आणि गेटापाशी ६०, आणि तेव्हा ती दिसायला अगदी गपगार उभी होती. गड्याला मोजून दाखवलं, तेव्हापासून 'नखरे' हा शब्द त्यानं काढला नाही.

दोर ढिला सोडायला लागलो. नाक खाली नेते, वाळू हुंगते, एकदा वरच्या ओठानं उकरून पाहिली. पण एवढंच. आणि ताई, उजवीकडून धरल्यावर तर तिला मीच नवीन झालो!

आणखी एक. गेटापासून पाचेक हातांवर शेजाऱ्याच्या झटका मशीनची तार आहे, डुकरं आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी). मशीन सारखं टिकटिक करतं. त्याचं काही असेल का?

टांगेवाल्याचा नातू

दिवसा बंद ठेवा म्हना शेजाऱ्याले. फरक पडला त पडला. पण तारेचा झटका तिले कधी बसला असन त ते टिकटिक ऐकूनच तिकडं फिरकणार नाही, मंग तुमी गेटाले चांदीचं मखर लावा.

धुरेकरी

बंद ठेवून पाहिलं. काही फरक नाही. ते नसावं.

शेगाव_ते_पंढरी

एक साधा प्रश्न. वारीत आम्ही दरवर्षी रिंगण पाहतो. चारी बाजूंनी लाखो माणसं, टाळ, मृदंग, पताका, अंगावर उडणारा बुक्का. आणि माउलींचा अश्व त्यातून बाणासारखा सुटतो. रोज नवीन गाव, नवीन मैदान. त्याला काही होत नाही आणि आपल्या घोडीला स्वतःच्या वावरात वाळूची भीती?

टांगेवाल्याचा नातू

लय चांगली गोठ काढली तुमी. याच्यावरच सारं अडलं हाय.

माउलीचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून आळंदीले चालत येते. गाडीत घालून आणून एकदम रिंगणात नाही सोडत. रोजची वाट, रोजचा मुक्काम, धरणारा माणूस तोच, टाळ-मृदंगाचा आवाज तोच, पताका त्याच. रिंगण लागेपर्यंत कानाले अन् डोयाले त्या साऱ्याची सवय झालेली राहते. मैदान तेवढं नवीन. बाकी सारं जुनं.

आता भाऊंच्या घोडीचं पाहा. जागा नवीन. जमीन नवीन. चारी बाजूनं पाइप नवीन. गेट नवीन. अन् मले वाटते येळही नवीन असन. नाल्यावर किती वाजता नेत होते भाऊ?

धुरेकरी

नाल्यावर सकाळी उजाडता. रिंगणात दुपारनंतर, कारण सकाळी आता कापूस वेचणीच्या बाया येतात, मजुरी-वजनाच्या भानगडीत मी अडकतो. आणि नाल्यावर साधी सुती मोरकी होती. रिंगणासाठी नवीन नायलॉनचा हॉल्टर आणि लांब दोर ऑनलाइन मागवला. लिहिताना माझंच मला हसू येतंय.

टांगेवाल्याचा नातू

मंग! एवढं सारं एका झटक्यात बदललं, अन् वरून म्हनता आत जाऊन दुडकी कर.

जुनी मोरकी काढा. तोच दोर. सकाळचीच येळ. गडी नाही, तुमीच. घरून निघून आधी नाल्यावरच न्या, रोजचं काम घ्या, अन् येताना रिंगणावरून या. घाम वाळता वाळता. आत न्यायचं नाही, बाहेरून पाइपाले खेटून एक फेरा डाव्या हातानं, एक उजव्या हातानं. मंग कोठ्यात. दुसऱ्या दिवशी तेच.

आत नवीन काही शिकवाचं नाही, हे गाठ मारून ठेवा. जे नाल्यावर झोपेत येते तेवढंच आत मागाचं. खोगीर पण पह्यले नाल्यावर बसवून मंग चालत आणाचं.

वरातवाला_मूर्तिजापूर

पोत्याचा सल्ला मी दिला, तो कमानीपुरता ठीक आहे, तिथं पलीकडे मोकळा रस्ता असतो. रिंगणाला तो लागू नाही, हे मान्य.

पण वेळेबद्दल एक भर. दुपारनंतरच्या उन्हात टिनाच्या शेडची सावली गेटावर पडते का? पडत असेल तर तेही आहे. घोड्याच्या डोळ्याला उजेडातून अंधारात सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. भर उन्हातून टॉकीजमध्ये शिरल्यावर आपण कसे खुर्ची चाचपडतो, तसं. आमच्याकडे नवीन जनावर हॉलच्या पोर्चमध्ये न्यायचं असलं तर पोर्चच्या तोंडाशी थोडा वेळ उभं करतो, डोकं आत आणि अंग बाहेर. मग आपणच चालतं. आणि साडेतीन फुटी गेट तोडा भाऊ, पुठ्ठा (घोडीचा मागचा भाग) एकदा आपटला ना कडीवर, तर ती घोडी जन्मभर गेटातून उडी मारूनच जाईल आणि तुमचा पाय तुडवेल. एक अख्खी फ्रेम खोला. दहा फूट तोंड ठेवा.

धुरेकरी

सावली पडते. गेट शेडच्या अंगालाच आहे. रस्त्यावरून सोयीचं म्हणून तिकडं ठेवलं.

वेल्डिंगवाल्याला बोलावलं आहे. पूर्वेकडची फ्रेम नटबोल्टची करतो, म्हणजे पूर्ण काढता येईल. अँगलही काढतो आणि काळी माती ते वाळू असा मुरमाचा चढ करतो, म्हणजे रेघच राहणार नाही.

कापूसकोंड्या

घोडीपायी माणसानं घर बदललं असं ऐकलं होतं, हे तर गावच फिरवून राह्यले.

आर्वीची_पोर

सोबत कोणी आहे का तिच्या? आमच्या क्लबात एका घोड्याला बकरी दिली आहे, बकरी आत असली की तोही आत. एकट्या घोड्याला नवीन जागा म्हणजे पहारा द्यायला कोणी नाही. कळपात एक जण चरतो तेव्हा दुसरा पाहत असतो.

धुरेकरी

दुसरा घोडा नाही. बकऱ्या होत्या, बिबट्यानं दोन नेल्या, तेव्हापासून आईनं बाकीच्या विकायला लावल्या. म्हातारा बैल आहे एक, घोडीच्या शेजारच्याच दाव्याला असतो. ती त्याची कुटाराची पाटी पळवते आणि तो पळवू देतो.

टांगेवाल्याचा नातू

मंग बकरी कायले पायजे? बैलाले न्या आत.

पशुवैद्य_कारंजा

बैल चालेल. बैल आत मोकळा न ठेवता बांधा, पण बाजूला, घोडीच्या गोल फिरण्याच्या वाटेत नाही. वाटेत दोर आला तर पायाला गुंतेल.

सोबतीसाठी पुढेमागे दुसरं घोडं आणायचा विचार झाला तर गोठ्यात आणण्याआधी ग्लँडर्सची रक्त तपासणी करून घ्या. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातात. हा रोग माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि बाधित घोडा ठेवता येत नाही. यात्रेतून आणलेल्या जनावरासाठी तर ही गोष्ट टाळूच नये. धुरेकरी, तुमच्या घोडीची केली होती का?

धुरेकरी

केली होती, निगेटिव्ह. तालुक्याच्या डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून.

धुरेकरी

कळवायचं राहून गेलं होतं. फ्रेम निघाली, चढ केला, तोंड आता पूर्वेला. सकाळी नाल्यावरून येताना बाहेरून फेरे चालू होते. दोन-चार सकाळी तर ती पाइपाकडे बघेनाशी झाली, बाहेरचं गवत ओरबाडत चालायची. मग बैल आत बांधला, त्याच्या पुढ्यात कुटार टाकलं आणि तिला घेऊन नेहमीसारखा फेऱ्याला निघालो.

तोंडापाशी आल्यावर थांबली. दोर सैल. मान पार खाली, नाकपुड्या फुललेल्या, वाळूवर फुंकर मारली तर वाळूचे कण उडाले, त्यानंच दचकली. पुन्हा नाक खाली. एक खूर टाकला, मागे घेतला. मी दुसरीकडे बघत होतो, म्हणजे तसं दाखवत होतो. मग एक टाकला, दुसरा टाकला आणि सरळ बैलाच्या पाटीत तोंड. जबडा चालू, एक मागचा पाय सैल सोडून उभी. मी नाडी मोजली: ४८. कुटार संपायच्या आत मीच तिला बाहेर काढलं. बाहेर यायला तिनं कुरकुर केली!

आता रोज आत जाते. बैल कधी आत, कधी बाहेर बांधतो. दोरावर कदम चालते, दोन्ही हातांनी. पण शेडच्या अंगाचा कोपरा, कोपरा म्हणजे गोलाचा तेवढा भाग, तिथं आली की अंग आत काढते, एक कान शेडकडे. वाऱ्यानं टीन वाजतं तेव्हा तर उधळायचीच बाकी. ढकलून न्यावं का तिथून?

वरातवाला_मूर्तिजापूर

अभिनंदन भाऊ! मला तर आता पेढे पाहिजेत.

टीन वाजतं त्याचं सोपं आहे: चार स्क्रू मारा, टीन घट्ट करा. आवाजाची सवय नंतर लावा, आधी जो आवाज बंद करता येतो तो करा. बँडची सवयही आम्ही अशीच लावतो. पहिल्यांदा ताशा गल्लीच्या त्या टोकाला, घोडी या टोकाला दाणा खाते. दाणा खायची थांबली की ताशेवाल्याला हात करायचा, अजून लांब जा. खाणं पुन्हा सुरू झालं की तिथंच राहा. डीजेचं मात्र विचारू नका, त्याला माणसंच सरावली नाहीत.

टांगेवाल्याचा नातू

ढकलू नका. तो भाग सोडून द्या. तुमी मधात उभे राहता ना, ती जागा बदला. शेडापासून दूर सरका अन् लहान गोल घ्या, म्हनजे तिचा गोल शेडाले लागतच नाही. तिथं निवांत चालली, मान खाली आली, की दुसऱ्या दिवशी तुमी पाऊलभर शेडाकडं सरका. तिले कळू नये असं. एका पावलानं तिनं कान टवकारला त अर्धं पाऊल मागं.

अन् थांबायची जागा ठरवा. काम झालं की 'हो' म्हनून थांबवता, हात फिरवता, ते सारं शेडाकडच्या बाजूले करा, जेवढ्या जवळ ते आरामात जाते तेवढ्या जवळ. काम दूर, आराम शेडाजवळ. महिनाभरानं तेच तिकडं ओढन.

पशुवैद्य_कारंजा

लहान गोल घ्यायचा असेल तर फक्त कदम. दुडकी आणि चौखूर पूर्ण साठ फुटांवरच. लहान गोलावर वेगानं फिरवलं की आतल्या अंगाच्या पायाच्या सांध्यांवर भार येतो आणि तुमची घोडी अजून कोवळी आहे. दोन्ही हातांना सारखा वेळ द्या आणि थोडक्यात आटपा. रिंगण हे चालायला शिकवायचं साधन आहे, दमवायचं नव्हे. घोडा दमला की ऐकतो असं वाटतं, तो फक्त दमलेला असतो.

वाळू किती खोल आहे? खूर बुडत असेल तर काढा थोडी. दोन-तीन इंच पुरते, त्याच्या वर गेली की पायाच्या मागच्या शिरा ताणतात.

धुरेकरी

मधे तीन इंच असेल, कडेला जास्त साचली आहे, फिरून फिरून. फावड्यानं ओढतो आत. तशीही वाळू ज्या भावानं घेतली ते आठवलं की एक घमेलंही बाहेर टाकवत नाही.

टीन घट्ट केलं. आज शेडपासून सरकून गोल घेतला, बरं झालं. भाच्याला पाठीवर बसायची घाई झाली आहे. कधी बसवू?

आर्वीची_पोर

नाल्यावर बसवा, नाल्यावर थोडं चालवा, मग तिथून वर बसूनच रिंगणात चालत आणा, आत एक फेरा, बाहेर. तुम्ही बाजूला दोर घेऊन. आत चढवायचं-उतरवायचं नंतर. भाच्याला सांगा लगाम ताणून धरू नको, मान खाली घेऊ दे तिला. आणि हेल्मेट. फेट्यावर भागत नाही.

टांगेवाल्याचा नातू

सही बोलली पोरगी. अन् तो टिवल्याबावल्या करणारा भाचा असन त आधी बैलावर बसवा.

पशुवैद्य_कारंजा

पुढचं आत्ताच सांगून ठेवतो. जूनमध्ये काळ्या रानातलं पाणी उताराला धरून तुमच्या रिंगणात येईल. वरची खरवडलेली काळी माती कडेला ढीग करून ठेवली असेल तर ती आत वाहून येईल, वाळूत मिसळेल आणि चिखल होईल. घसरून पडलेली घोडी ती जागा विसरत नाही, मग हा धागा पुन्हा पहिल्यापासून. वरच्या अंगाला चर खणा, मे महिन्याच्या आत. उन्हाळ्यात काम फक्त उजाडता, सहा-साडेसहाला संपवा. आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा टिनाजवळच्या वाळूवर तुम्ही अनवाणी उभं राहून पाहा. पाणी गोठ्यात आणि रिंगणाजवळ दोन्हीकडे ठेवा. एरवी दिवसाला पंचवीस-तीस लिटर पिणारी घोडी तेव्हा दुप्पट पिते.

धुरेकरी

काळी माती कडेलाच ढीग आहे. ट्रॉलीनं धुऱ्यावर टाकतो. चर जेसीबीवाला तुरीनंतर खणून देतो म्हणाला.

रिसोडचा_नवखा

धागा वाचला, भारी माहिती. माझा घोडा रिंगणात जातो, सगळीकडे जातो, पण नाल्याच्या पाण्यात पाय टाकत नाही. घोटाभर पाणी असलं तरी उडी मारतो. तेच करू का, दोर ढिला वगैरे?

टांगेवाल्याचा नातू

दोर ढिला त ठेवाच. पण पाण्याचं प्रकरण येगळं हाय भाऊ, त्यात तळ दिसत नाही. येगळा धागा काढा, अन् घोडा कोण्या गावचा, आधी कुठं पानी पेत होता, ते लिहा.